‘ऊन लागणे’ आणि वणव्यातील उष्माघात

मराठीत ऊन लागते, तहान लागते आणि डोंगराला आगही लागते. क्रियापद एकच, आणि ज्याला हे लागते तो वाक्यात चतुर्थीत, केवळ भोक्ता म्हणून उभा असतो. ‘त्याला ऊन लागले’ या वाक्यात कर्तृपद उन्हाकडे आहे. व्याकरणदृष्ट्या ही रचना निर्दोष होय. परंतु वणवा विझविणाऱ्या माणसाच्या बाबतीत ती दिशाभूल करते, व तीही प्राणावर बेतेल अशी.

चिपळूण तालुक्यातील अलोरे हे सह्याद्रीच्या पायथ्याचे गाव. या पट्ट्यात उन्हाळ्यात उतारांवरील वाळलेले गवत पेटते आणि आग आंबा-काजूच्या बागांपर्यंत पोहोचते. (बहुतेक वणवे लागत नाहीत, लावले जातात, येथेही ‘लागणे’ कर्त्याला झाकून घेते.) आग विझवावयाची ती बहुधा हिरव्या डहाळ्यांनी झोडपून, चढउतारावर धावपळ करीत. या श्रमात स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिच्यापैकी जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा प्रत्यक्ष कामात उतरतो. उरलेली सर्व शरीरातच उष्णता होऊन साठू लागते. गेल्या शतकाच्या नवव्या दशकात ऑस्ट्रेलियात वणवा विझविणाऱ्यांवर जे प्रयोग झाले, त्यांत त्यांच्या अंगावरील उष्णतेच्या भारापैकी सुमारे दोन-तृतीयांश भार त्यांच्या स्वतःच्या श्रमातून आलेला आढळला. ऊन आणि ज्वाळा मिळून उरलेला एक-तृतीयांश!

ही उष्णता बाहेर टाकण्याचा मुख्य मार्ग घाम. एक लिटर घाम त्वचेवरून वाफ होऊन गेला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. कोकणच्या दमट हवेत मात्र त्यातला बराचसा नुसता ओघळतो. पाणी आणि मीठ जाते, ताप जात नाही. कष्टाच्या कामात तासाला एक लिटर वा त्याहूनही अधिक घाम जातो, आणि तहान या तुटीच्या मागून येते. तेव्हा ‘तहान लागली की पिऊ’ हा हिशेब वणव्यात चालत नाही. ‘उन्हाळी लागणे’ हा आपला प्रयोग त्या मानाने अधिक जाणता म्हटला पाहिजे. लघवी थोडी, गडद आणि जळजळीत होणे ही शरीरातील पाणी आटल्याची खूण तो नेमकी टिपतो. नाव मात्र पुन्हा ऋतूचेच.

१६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे महाराष्ट्रभूषण पुरस्काराच्या सोहळ्यास उघड्या मैदानात बसलेल्या १४ जणांचा उष्माघाताने मृत्यू झाला. तेथे ‘ऊन लागले’ हे वर्णन यथार्थ होते. वणवा मात्र पुष्कळदा संध्याकाळनंतर विझविला जातो. रात्री नऊ वाजता कोणी अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला, तर ऊन लागले असे कोणाच्याही मनात येत नाही. दमला आहे, पडू द्या, असे म्हणतात. शिवाय उष्माघातात अंग कोरडे पडते ही समजूत रूढ आहे. श्रमाने होणाऱ्या उष्माघातात अंग घामाने भिजलेलेही असू शकते. खरी खूण ती नव्हे. शरीराचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाऊन बुद्धी भ्रमणे, ही होय. म्हणून परिभाषेत ‘आतपजन्य’ आणि ‘श्रमजन्य’ उष्माघात असे दोन शब्द वेगळे ठेवावेत, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

श्रमजन्य उष्माघातात रोग्यास आधी थंड करावयाचे, मग हलवावयाचे. थंड पाण्यात बुडविणे सर्वोत्तम. ते नसेल तर अंगावर सतत पाणी ओतून वारा घालणे. शुद्ध हरपलेल्यास तोंडाने काही देऊ नये. शुद्धीवर असलेल्या, घामाघूम झालेल्या माणसाला नुसत्या पाण्यापेक्षा मीठ घातलेली पेज किंवा कोकमाचे मिठाचे सरबत बरे. केवळ पाणीच अति प्याल्याने रक्तातील क्षार घटतात, तेही घातकच. परंतु हे सारे पाणी जवळ असण्यावर अवलंबून आहे. अलोऱ्याजवळ कोळकेवाडीच्या धरणात कोयनेचे वीजनिर्मितीनंतरचे पाणी भर उन्हाळ्यातही साठते. आग मात्र वर डोंगरावर असते, आणि वर जाणाऱ्यांच्या हातांत त्या वेळी बहुधा डहाळ्याच असतात.