खडसाचा माग

हरिपूरला संगमेश्वराच्या घाटावर उभं राहिलं की समोरून वारणा येते आणि कृष्णेत शिरते. नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचं हे गाव, हळदीच्या पेवांचं गाव. मला मात्र इथं ओढून आणतो तो संगमाखालचा डोह. दोन प्रवाह एकमेकांना भिडतात तिथं पाणी घोटाळतं, वाहून आलेलं अन्न साठतं, त्यावर बारके मासे जमतात आणि त्यांच्या मागावर मोठा मासा येतो. गळ टाकणाऱ्याला ही जागा कुणी दाखवावी लागत नाही.

उत्तर अमेरिकेतल्या नद्यांत आणि तळ्यांत अशा मोठ्या माशाच्या मागे माणसं आयुष्य घालवतात. त्याचं नाव मस्की. लांबट अंग, चपटं तोंड, दातांनी भरलेला जबडा. दहा हजार वेळा गळ फेकावा तेव्हा हा एकदा लागतो, अशी त्याची ख्याती. म्हणून अनेक जण गळ फेकत बसत नाहीत. होडी सावकाश चालवायची आणि मागे लांब दोरावर नकली मासा ओढत न्यायचा, ही त्यांची रीत. तिला ट्रोलिंग म्हणतात. 1949 साली विस्कॉन्सिनमध्ये कॅल जॉन्सन यांनी धरलेली 67 पौंड 8 औंसांची, म्हणजे साडेतीस किलोंची मस्की आजही विक्रम म्हणून नोंदलेली आहे.

कृष्णेत मस्की नाही, पण तिच्या तोडीचे शिकारी आहेत. सवयीनं सगळ्यात जवळचा शिवडा. डोळ्यांच्याही मागे फाटत गेलेलं तोंड, लांब मिशा, दिवसभर डोहात दबून राहायचं आणि अंधारात बाहेर पडायचं. मरळ पाणवनस्पतींच्या आडोशाला टपून बसतो. शिंगाळा तळाशी फिरतो. या सगळ्यांत ताकदीचा म्हणाल तर खडस, म्हणजे दख्खनी महासीर. त्याच्या जबड्यात एकही दात नसतो. दात घशात असतात आणि त्यांनी तो गोगलगायींचे शंख फोडतो. पाण्यात पडलेली फळं खातो, लहान मासेही गिळतो. गळाला लागला की सरळ खडकांतल्या जोरकस पाण्यात धाव घेतो. हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रास इलाख्यातल्या अधिकाऱ्यानं 1873 मध्ये 'द रॉड इन इंडिया' हे पुस्तक काढलं, त्याची कितीतरी पानं महासीरसाठी खर्ची पडली आहेत.

या माशाचं शास्त्रीय नाव टॉर खुद्री. त्यातलं 'खुद्री' मराठी आहे, आणि ही गोष्ट आपल्या शाळांत सांगितली जायला हवी असं मला फार वाटतं. कर्नल विल्यम हेन्री सायक्स हा मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी दख्खनभर फिरला आणि 1839 मध्ये त्यानं इथल्या माशांची शास्त्रीय वर्णनं प्रसिद्ध केली. नव्या जातींना नावं देताना त्यानं मराठी मुलखातली बोलीतली नावंच पुष्कळदा उचलली. शिंगाळ्याचं सीनघाला झालं, कोळशीचं कोलस झालं. घोगरा, लोणा, संदखोल, कुतरणी, टाकरी हे शब्दही लॅटिन नावांच्या शेपटीला आजवर लागलेले आहेत. नदीकाठी जाळं टाकणाऱ्यांनी कोणता मासा कोणता हे आधीच ठरवून ठेवलं होतं, सायक्सनं ते लिहून घेतलं. त्या सांगणाऱ्यांची नावं मात्र कुठंच राहिली नाहीत.

पुढं शंभरावर वर्षांनी ही रीत एका मराठी माणसानं चालवली. मत्स्यशास्त्रज्ञ चं. वि. कुलकर्णी यांनी 1952 मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पाण्यातल्या एका छोट्या माशाचं वर्णन केलं. हा मासा दुसऱ्या माशांच्या अंगावरचे खवले ओरबाडून खातो. त्यांनी नाव ठेवलं निओट्रॉपियस खवलचोर. मला एवढं नेमकं शास्त्रीय नाव दुसरं ठाऊक नाही.

पण नावं पुस्तकात टिकली म्हणून मासा नदीत टिकतो असं नाही. कोयनेतल्या माशांचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात 58 जाती होत्या. पुढच्याच वर्षी वाई आणि धोम जलाशयाच्या पाहणीत 51 जाती नोंदल्या गेल्या. एका जिल्ह्याच्या दोन नद्यांसाठी ही मोठी श्रीमंती आहे. काळजी आहे ती बाहेरून आणून सोडलेल्या माशांची, सांडपाण्याची आणि बेसुमार मासेमारीची. वाईला ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे. पुराचं पाणी दुभंगून बाजूनं निघून जावं म्हणून 1762 मध्ये रास्त्यांनी ती तशी बांधून घेतली. पाण्याला अडवण्यापेक्षा वाट देणं त्यांना बरोबर समजलं होतं.

खडसालाही अशीच मोकळी वाट हवी असते. पावसाळ्यात नदी फुगली की तो वर चढतो आणि वाहत्या, हवा खेळत्या पाण्यात, गोट्यावाळूच्या तळावर अंडी घालतो. अंडी जड असतात, तळाशी बसतात. गाळ साचला की गुदमरतात. वर धोम, पलीकडे कोयना. कोयनेची भिंत 103 मीटर उंच, साठा 105 टीएमसी (अब्ज घनफूट), आणि त्यातलं 67.5 टीएमसी पाणी दरवर्षी विजेसाठी पश्चिमेला वळवायला कृष्णा पाणीतंटा लवादाची मुभा. तिथं माशाला चढायला कोणतीच शिडी नाही. कोल्हापूर पद्धतीचे बंधारे त्या मानानं दयाळू म्हणायचे, कारण पावसाळ्यात त्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढतात आणि नदी चार महिने मोकळी होते. पुढं बरगे बसले की तीच नदी तळ्यांची माळ बनते.

उन्हाळ्यात या तळ्यांत साखर कारखान्यांची मळी, सांडपाणी उतरतं. त्यातला सेंद्रिय माल कुजवणारे जिवाणू पाण्यातला विरघळलेला प्राणवायू संपवून टाकतात. मरळ पृष्ठभागावर येऊन हवा घेऊ शकतो, म्हणून तो तगतो. खडसाला ती सोय नाही. मार्च 2023 मध्ये सांगलीजवळ अंकलीच्या भागात मेलेल्या माशांचा खच पाण्यावर तरंगत होता. हे दरवर्षी कुठं ना कुठं घडतं आणि दरवर्षी आपण नाकाला रुमाल लावून पुलावरून पुढे जातो, याचा मला राग येतो. भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळच्या पट्ट्यात मगरी राहतात, त्यांचं पोटही या माशांवरच आहे.

खडसाची पैदास माणसाला जमली, हेही सांगितलं पाहिजे. लोणावळ्याच्या वळवण तलावाकाठी टाटांच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून त्याची पिल्लं तयार झाली आणि देशभर गेली. त्यातली काही कावेरीत सोडली गेली. तिथं कुबडवाला महासीर हा मूळचा मासा होता, जगातल्या सर्वात मोठ्या महासीरांपैकी एक. आपल्या निळ्या परांच्या खडसानं कावेरी व्यापली आणि मूळचा मासा इतका आटला की आता तो अतिसंकटग्रस्त यादीत आहे. शास्त्रानं त्याची ओळख पक्की केली ती थेट 2018 मध्ये. पिल्लं सोडणं म्हणजे नदी राखणं नव्हे, हे त्या प्रकारातून दिसलं.

मासा राखण्याची दुसरी रीतही आहे. सह्याद्रीच्या पश्चिमेला, महाड तालुक्यातल्या वाळणकोंडीत महासीर देवाचे मासे म्हणून राहतात. त्यांना कुणी धरत नाही. भाविक चुरमुरे टाकतात आणि मोठाले मासे पाण्यावर गर्दी करतात. कोणत्याही कायद्याचा फलक न लावता तो डोह राखला गेला आहे.

हरिपूरच्या डोहात चालत्या होडीमागे दोर ओढत जावं आणि एखाद्या जड माशानं हाताला झटका द्यावा, अशी माझी इच्छा आहे. आमिष सोडायचं, मासा लागला तर हात ओले करून पाण्यातच गळ काढायचा आणि जाऊ द्यायचा. त्यासाठी मी ऑक्टोबरच्या सुरुवातीचे दिवस निवडले आहेत. पूर ओसरलेला असतो, पाणी निवळू लागलेलं असतं आणि बरगे अजून बसलेले नसतात.