विंडोज सोडून लिनक्सवर जाताय? आधी डिझाइनच्या फाइल्स वाचवा

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जळगाव-धुळ्यात लग्नपत्रिका, फ्लेक्स करणाऱ्यांना जुन्या कॉम्प्युटरवर मोफत लिनक्स टाकता येईल. पण सध्याचं कोरलड्रॉ फक्त विंडोज आणि मॅकसाठी आहे. लिनक्सवरचं इंकस्केप सीडीआर फाइल उघडतं, मात्र मांडणी हलू शकते.

खरी अडचण फॉन्टची. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. फॉन्ट नसेल, तर नवरदेवाच्या नावाऐवजी अगम्य चिन्हं दिसतात.

म्हणून विंडोज काढण्याआधीच तीन प्रती ठेवा: मूळ सीडीआर, कर्व्ह केलेली पीडीएफ आणि युनिकोडमधला मजकूर. पीडीएफ छपाईला चालेल. पुढच्या लग्नसराईत नाव-तारीख बदलायला युनिकोड मजकूरच कामी येईल.