काळी-पिवळी ते अ‍ॅप: भाड्याच्या गाडीचा हिशेब

भाड्याच्या मोटारीत अनोळखी प्रवासी आणि अनोळखी चालक एकत्र येतात. त्यामुळे भाडे कसे मोजायचे, हे आधी ठरलेले असावे लागते. महाराष्ट्रात त्याच्या तीन पद्धती रूढ आहेत: शहरी टॅक्सीचा मीटर, ओला-उबरसारखे अ‍ॅप आणि तालुक्याच्या गावांतली सिटावर चालणारी जीप.

मुंबईत मोटारटॅक्सी 1911 मध्ये आली. स्वातंत्र्यानंतर शहराची ओळख बनलेली टॅक्सी म्हणजे फियाट. वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून ‘फियाट 1100 डिलाइट’ तयार होऊ लागली. सत्तरच्या दशकात तिचे नाव ‘प्रीमियर पद्मिनी’ झाले. छत पिवळे म्हणजे गाडी लांबून दिसते आणि खालचा भाग काळा म्हणजे डाग झाकले जातात, ही रंगसंगती स्वातंत्र्यसैनिक व खासदार विठ्ठल बाळकृष्ण गांधी यांनी सुचवली असे सांगतात. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली. मुंबईत टॅक्सीला 20 वर्षांची वयोमर्यादा असल्याने ऑक्टोबर 2023 मध्ये तिचीही सेवा संपली.

या व्यवस्थेचा कणा होता यांत्रिक मीटर. तो गाडीच्या डाव्या अंगाला बाहेर बसवलेला असे. झेंडा उभा असला तर गाडी रिकामी. प्रवासी बसला की चालक झेंडा पाडे. चाकाच्या फिरण्याशी जोडलेली केबल आतले दाते फिरवी आणि आकडा पुढे सरके. गाडी उभी असताना घड्याळाचे यंत्र वेटिंग मोजी. भाडेवाढ झाली तरी मीटर तोच राहत असे. त्यावरचा आकडा दरपत्रकात शोधून प्रत्यक्ष भाडे काढले जाई. मीटरला सरकारी सील लागे, पण त्यात फेरफार करून तो ‘फास्ट’ पळवल्याच्या तक्रारी नेहमीच्या होत्या. पुढे इलेक्ट्रॉनिक मीटर सक्तीचे झाल्यावर भाडे थेट दिसू लागले. दर मात्र आजही सरकारी प्राधिकरण ठरवते. मुंबईत 1 फेब्रुवारी 2025 पासून पहिल्या दीड किलोमीटरला 31 रुपये आकारले जाऊ लागले.

मीटरचा दर उघड असला तरी गाडी मिळण्याची हमी त्यात नव्हती. जवळचे भाडे नाकारणे ही मुंबईकरांची जुनी तक्रार. 2007 मध्ये आलेल्या मेरूसारख्या सेवांनी फोनवर वातानुकूलित टॅक्सी बोलावण्याची सोय केली. ओलाची सुरुवात 2010 मध्ये मुंबईतच झाली आणि उबर 2013 मध्ये भारतात आली. त्यांनी गाडी शोधण्याचे कामच मोबाइलवर आणले. उपग्रहाच्या मदतीने जवळची रिकामी गाडी हेरली जाते आणि अंतर, अंदाजे वेळ व मागणी जमेस धरून भाडे आधीच सांगितले जाते. चालकाचे नाव, गाडीचा नंबर आणि मार्ग घरच्यांनाही कळवता येतो. रात्री एकटीने प्रवास करणाऱ्या स्त्रीसाठी ही सोय फार मोलाची आहे.

मात्र भाड्याचा हिशेब इथे झाकलेला असतो. मीटर प्रवासी आणि चालक दोघांच्या डोळ्यांसमोर चालतो. अ‍ॅपचे गणित कंपनीच्या संगणकात होते. पाऊस पडला, लोकल बंद झाली की भाडे चढते, पण त्यातला किती वाटा चालकाला मिळतो हे प्रवाशाला दिसत नाही. चालकाला गाडीचा हप्ता, इंधन आणि कंपनीचे कमिशन भागवावे लागते. तो नोकरदार नसल्याने भविष्य निर्वाह निधी किंवा भरपगारी रजा मिळत नाही. प्रवाशाने दिलेल्या तारांकित गुणांवर त्याचे काम अवलंबून राहते.

कायदा उशिरा जागा झाला. मोटार वाहन अधिनियम 1988 मधल्या 2019 च्या दुरुस्तीने अशा कंपन्यांना परवाना सक्तीचा केला. केंद्राच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांनी चढ्या भाड्याला मूळ दराच्या दीडपटीची मर्यादा घातली. 2025 मध्ये ती मूळ दराच्या दुपटीपर्यंत वाढवली गेली. मार्च 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातल्या अ‍ॅप कंपन्यांना परवान्यासाठी अर्ज करण्यास सांगितले. कमिशनच्या बाबतीत बेंगळुरूच्या ‘नम्मा यात्री’ या अ‍ॅपने चालकाकडून फेरीमागे कमिशनऐवजी ठरावीक शुल्क घेऊन वेगळी वाट दाखवली आहे.

दाट वस्ती आणि दिवसभराची मागणी नसेल, तर अ‍ॅपचे गणित बसत नाही. नागपूर–अमरावती महामार्गावरच्या कारंजा (घाडगे)सारख्या तालुक्याच्या गावी गरज वेगळी असते: बाजाराच्या दिवशी खेड्यातून यायचे, एसटी चुकली तर परतायचे, रात्री-अपरात्री रुग्णाला नागपूरला न्यायचे. विदर्भातली काळी-पिवळी जीप रोजची गरज सिटामागे ठरलेल्या भाड्याने भागवते, आणि सिटा भरल्याशिवाय हलत नाही. टॅक्सीच्या परवान्यावर वाटेत प्रवासी चढवणे-उतरवणे कायद्याला मान्य नाही; टप्पा वाहतूक मुख्यतः एसटीकडे आहे. म्हणून उपयोगी असूनही ही सेवा अनेकदा अवैध ठरते आणि जादा प्रवासी कोंबले गेले तरी तिच्यावर धड नियंत्रण राहत नाही.

तिन्ही पद्धतींचे गुण वेगळे आहेत. मीटरचा दर उघड असतो, अ‍ॅपमुळे गाडी सहज मिळते, जीप परवडते. शहरात अ‍ॅपच्या हिशेबाला मीटरसारखी सरकारी तपासणी हवी आणि चालकाचा वाटा पावतीवर छापला जावा. गावात ठरलेल्या मार्गांवरच्या जीपना प्रवासीसंख्येची मर्यादा, विमा आणि दरपत्रकासह रीतसर परवाना मिळावा. शहर असो की तालुका, भाडे देणाऱ्याला आणि गाडी चालवणाऱ्याला हिशेब समजणे हा दोघांचाही हक्क आहे.