टायटनच्या वाळूवर उमटलेले वादळ

शनीच्या टायटन या चंद्रावर पाणी दगडासारखे कठीण असते आणि पाऊस पडतो तो मिथेनचा. उणे १७९ अंश सेल्सिअसच्या थंडीत हा वायू द्रवरूप होतो. त्याचे ढग बनतात, सरी पडतात, नद्या वाहतात. १४ जानेवारी २००५ रोजी ह्युजेन्स यान तिथे उतरले, तेव्हा छायाचित्रांत प्रवाहाने घासून गोल झालेले बर्फाचे गोटे दिसले.

तिथल्या हवेचा दाब आपल्या दीडपट, गुरुत्वाकर्षण मात्र सातवा हिस्सा. म्हणून पावसाचा थेंब जवळपास एक सेंटीमीटरचा होऊ शकतो आणि सेकंदाला जेमतेम दीड मीटर वेगाने अलगद खाली येतो. अशा ठिकाणचे वादळ सौम्यच असेल, असे कुणालाही वाटेल.

मला कुतूहल आहे ते विषुववृत्तावरच्या वाळूच्या टेकड्यांचे. शेकडो किलोमीटर लांबीच्या या रांगा कॅसिनी यानाच्या रडारने टिपल्या. त्यांचा आकार सांगतो, की वाळू पूर्वेकडे सरकते आहे. गणिती प्रारूपांनुसार मात्र जमिनीलगतचा नेहमीचा वारा पश्चिमेकडे वाहतो. मग वाळू वाऱ्याच्या उलट का जाते?

शनीचे, म्हणजेच टायटनचे, एक वर्ष आपल्या साडेएकोणतीस वर्षांचे. ऑगस्ट २००९मध्ये सूर्य तिथल्या विषुववृत्तावर आला. त्यानंतर, सप्टेंबर २०१०मध्ये, कॅसिनीला तिथे बाणाच्या आकाराचा प्रचंड ढग दिसला. काही आठवड्यांत सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर जमीन भिजून काळवंडली. २०१५मध्ये संशोधकांनी मांडले, की अशी वादळे उंचावरचे पूर्वगामी वेगवान वारे खाली ओढून आणतात. हे झोत रोजच्या वाऱ्याच्या दहापट वेगवान असू शकतात. रोजचा मंद वारा वाळू हलवू शकत नाही. क्वचित येणारे झोत हलवतात. वाळूची दिशा ठरते ती या थोड्या दिवसांत.

हे अजून अनुमानच आहे. २०२८मध्ये निघणारे ड्रॅगनफ्लाय २०३४मध्ये याच टेकड्यांच्या प्रदेशात उतरणार आहे आणि तिथला वारा मोजणार आहे. पण सूर्य पुन्हा विषुववृत्तावर येईल तो २०३९च्या सुमारास. त्यामुळे ज्या वादळाने ही वाळू रचली असे आपण म्हणतो, ते त्या यानाला बहुधा भेटणार नाही. त्याच्या खुणाच वाचाव्या लागतील.