आधी कागदावर, मग भुईवर

भिंती उभ्या राहिल्या आणि पैसा संपला. अशी अर्धवट घरे आपण पाहतो. मोठ्या मोठ्या देशांतही असे होते बरे!

ऑस्ट्रेलियात सिडनी शहर आहे. तिथे गाण्याचे आणि नाटकांचे एक मोठे नाट्यगृह आहे. त्याचे छप्पर होडीच्या शिडांसारखे दिसते. १९५९ साली बांधकाम सुरू केले. पण हे छप्पर उभे कसे करायचे, तेच ठरले नव्हते! पुढे कळले, खांबांना छपराचा भार पेलणार नाही. झालेले खांब पाडून पुन्हा बांधावे लागले. काम चार वर्षांचे धरले होते. त्याला चौदा वर्षे लागली. खर्च ७० लाख डॉलर धरला होता. तो १० कोटी २० लाख झाला. नाट्यगृह सुंदर आहे, यात शंका नाही.

अमेरिकेत न्यूयॉर्कला १०२ मजल्यांची एम्पायर स्टेट इमारत आहे. कोणत्या मजल्यावर काय, किती लोखंड, किती सामान, हे आधी कागदावर मांडले. १९३० च्या मार्चमध्ये काम सुरू झाले. १९३१ च्या मे महिन्यात इमारत खुली झाली.

डेन्मार्कचे एक प्राध्यापक आहेत, बेंट फ्लिवबर्ग. त्यांनी १६ हजारांहून जास्त कामांचा हिशेब जमवला. ठरल्या पैशांत आणि ठरल्या वेळात किती झाली? शंभरांत नऊसुद्धा नाहीत. ते म्हणतात, विचार सावकाश करा, काम झपाट्याने करा. आणि तसलेच काम दुसऱ्यांनी केले असेल, तर त्यांना विचारा.

गावात शाळेची खोली बांधायची आहे? तर शेजारच्या गावी जावे. त्यांनी धरलेला खर्च विचारू नये. शेवटी झालेला विचारावा.