आधी चीक, मग पुडी

गाय व्याली की घरात पहिली चर्चा होते ती खरवसाची. आंध्रात त्याला जुन्नू म्हणतात, कर्नाटकात गिण्णू. शेजारीपाजारी वाट्या जातात. ज्याच्यासाठी तो चीक उतरला, ते वासरू मात्र दाव्याला ओढ देत उभे असते. कित्येक गोठ्यांत पंधरवड्याच्या आतच पांढरी हगवण लागून ते मान टाकते.

या हगवणीवर हल्ली ‘प्रोबायोटिक’च्या पुड्या मिळतात. त्यांत असतात जिवंत, उपकारक जंतू: दह्याच्या जातकुळीतले लॅक्टोबॅसिलस, नाहीतर पाव फुगवणारे यीस्ट. कल्पना साधी आहे. वासराचे कोठीपोट जन्मतः कामाचे नसते. दूध थेट चौथ्या कप्प्यात उतरते. आतड्यात जंतूंची वस्ती पहिल्या काही तासांतच सुरू होते. गाईची कास, जमीन, शेण, सगळीकडून ते येतात. चांगल्या जंतूंनी आधी ठाण मांडले, दुधातल्या साखरेचे आम्ल केले, की हगवणीच्या ई. कोलायला थारा मिळेनासा होतो.

कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत मुऱ्हा म्हशीच्या पारडांना लॅक्टोबॅसिलस ॲसिडोफिलस देऊन पाहिले, तेव्हा त्यांचे वजन अधिक वाढले. पण सगळीकडे असेच घडते असे नाही. स्वच्छ गोठ्यातल्या, पोटभर दूध पिणाऱ्या निरोगी वासरात फारसा फरक दिसत नाही.

आणि चिकाची जागा पुडी घेऊच शकत नाही. गाईच्या पोटात असताना वासराला तिच्याकडून रोगप्रतिकारक द्रव्ये मिळत नाहीत; ती चिकातूनच मिळतात, आणि ती शोषून घेण्याचे आतड्याचे दार चोवीस तासांत बंद होते. म्हणून पहिला चीक तास-दोन तासांत पाजायचा. तीस किलोच्या वासराला दिवसभरात तीन लिटर. संकरित गाईला चीक पुष्कळ असतो. वासराचे भागल्यावर खरवस खुशाल करावा!

पुडी उकळत्या दुधात टाकली तर जंतू मरतात. दूध अंगाइतके कोमट हवे. अँटिबायोटिक चालू असेल तर लॅक्टोबॅसिलसची तीच गत होते. यीस्ट मात्र टिकते. वासराचे शेण पाण्यासारखे झाले, डोळे खोल गेले, तर पुडीवर विसंबू नये. अशी वासरे बहुधा अंगातले पाणी आटूनच दगावतात. पाण्यात क्षारांची पावडर कालवून पाजावी आणि जनावरांच्या डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवावे.