चेंडू फळीला चिकटतो तेव्हा

मंडळी, विषय ऐकून काहींच्या भुवया वर गेल्या असतील. पस्तीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलेला माणूस सत्तरी उलटल्यावर व्हिडिओ गेम बनवायला शिकतो, त्यात व्याख्यान कसलं द्यायचं? आमच्या घरातही हाच प्रश्न विचारला गेला, जरा कमी सभ्य शब्दांत. पण झालं असं, की सुट्टीत नात राहायला आली आणि तिच्या शेजारी आम्हीही स्क्रॅच उघडून बसलो.

स्क्रॅच ही अमेरिकेतल्या एमआयटीत तयार झालेली आणि 2007 साली सर्वांसाठी खुली झालेली प्रोग्रॅमिंगची भाषा. तीत आज्ञा टाइप करत बसायच्या नाहीत, रंगीत ठोकळे एकमेकांत अडकवायचे. पडदा 480 रुंद, 360 उंच, शून्य मधोमध. आम्ही योजलेला गेम अगदी बाळबोध होता. खाली एक फळी, ती बाणाच्या कळांनी डावी-उजवीकडे सरकते. वरून चेंडू येतो. फळीला लागला तर परत वर जातो आणि एक गुण मिळतो, चुकला तर खेळ संपला. आम्ही ठोकळा लावला: चेंडू फळीला स्पर्श करत असेल, तर त्याची खाली-वर दिशा उलटी कर.

चालला की हो! आम्ही चहा मागवला. तेवढ्यात नातीनं फळी बाजूनं झपकन सरकवून चेंडूवर आणली आणि चेंडू फळीत अडकून थरथरायला लागला. वर नाही, खाली नाही. गुण मात्र धडाधड वाढतायत.

दोन संध्याकाळी आम्ही संगणकाला दोष दिला. मग ध्यानात आलं, की चूक आमच्या 'स्पर्श' या शब्दात होती. आपण म्हणतो 'चेंडू फळीला लागला', तेव्हा आपल्या मनात एक घटना असते. घडली आणि संपली. संगणक मात्र सेकंदाला 30 वेळा विचारतो: आत्ता स्पर्श आहे का? त्याच्या लेखी ती घटना नाहीच, ती स्थिती आहे. चेंडू फळीत खोलवर असेल, तर दिशा उलटी होते, चेंडू एक पाऊल वर येतो, पण अजून फळीतच असतो. पुन्हा 'स्पर्श आहे', पुन्हा उलटी.

आता गंमत बघा. वैशेषिकांनी संयोग हा कर्मात घातला नाही, चोवीस गुणांत घातला. हालचाल हे कर्म, त्यातून उपजणारा संयोग हा गुण, आणि तो विभाग होईपर्यंत टिकतो. हे आम्ही फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल! एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलानं विचारलं होतं, "सर, वस्तू लागूनच राहिल्या तर संयोग एकदाच झाला म्हणायचं, की दर क्षणाला?" आम्ही म्हणालो, परीक्षेत हे येणार नाही. तो पुन्हा काही विचारेना. त्याचा प्रश्न अगदी योग्य होता, आणि तो आम्हाला तीसेक वर्षांनी एका थरथरणाऱ्या चेंडूनं समजावला. त्या मुलाचा चेहरा आठवतो, नाव आठवत नाही.

असो. उपाय काय? शाळेतली कवायत आठवा. 'पीछे मुड' ही आज्ञा दोनदा दिली, की मुलगा होता तिथेच. पण 'पूर्वेकडे तोंड कर' असं शंभरदा सांगा, तोंड पूर्वेलाच. पहिल्या आज्ञेचा परिणाम आधीच्या स्थितीवर अवलंबून आहे, दुसरीचा नाही. आम्ही चेंडूला 'पीछे मुड' सांगत होतो.

मग 'पूर्व' कुठली ठरवायची? इथे एका जुन्या नवशिक्याची मदत झाली. 1972 साली अटारी ही कंपनी नुकतीच निघाली होती. नोलन बुशनेलनं अ‍ॅलन अल्कॉर्न या तरुण इंजिनियरला हात बसावा म्हणून एक साधा खेळ करायला दिला, आणि जनरल इलेक्ट्रिककडून तसं काम मिळालंय अशी थाप मारली. अल्कॉर्ननं तोवर एकही गेम केलेला नव्हता. त्यानं केला तो पाँग. त्यात प्रोग्रॅम नव्हताच, सगळं सर्किटांवर. त्यानं फळीचे आठ भाग कल्पिले: मध्ये लागला तर चेंडू सरळ परततो, कडेला लागला तर तिरका. त्या सर्किटातल्या एका उणिवेमुळे फळी पडद्याच्या अगदी वरपर्यंत पोचत नसे. अल्कॉर्ननं ती तशीच ठेवली, कारण नाहीतर दोन तरबेज खेळाडू उठलेच नसते. सनीव्हेलमधल्या एका दारूच्या गुत्त्यात ते यंत्र ठेवलं, आणि ते बंद पडलं म्हणून बघायला गेले तर नाण्यांनी डबा ओसंडलेला.

स्क्रॅचमध्ये शून्य अंश म्हणजे सरळ वर. आमची फळी शंभर रुंद. तेव्हा चेंडूच्या आडव्या स्थानातून फळीचं आडवं स्थान वजा करायचं, आणि येईल ती संख्या थेट दिशा म्हणून द्यायची. मधोमध लागला तर शून्य, उजव्या टोकाला साधारण पन्नास, डाव्या टोकाला उणे पन्नास. दिशा नेहमी वरच! फळीत अडकला तरी आज्ञा 'वर जा' हीच, त्यामुळे चेंडू सुटतो. शिवाय चेंडू कुठे पाठवायचा हे आता खेळणाऱ्याच्या हातात आलं. एका वजाबाकीत दोन्ही कामं झाली. (हे सुचल्यावर आम्ही घरभर सांगत फिरलो, कोणाला पर्वा नव्हती.)

दुसऱ्या दिवशी नात हाताची घडी घालून पडद्यापुढे बसलेली, आणि गुण चाललेत: दोनशे, दोनशे एक. आमचा चेंडू सुरुवातीला मधोमध सरळ खाली पडतो आणि फळीही मधोमध असते. कळ दाबलीच नाही तर वजाबाकी शून्य, चेंडू सरळ वर, सरळ खाली, कायमचा. फक्त न खेळणाराच आमच्या खेळात हरत नव्हता. चेंडू थोडा तिरका सोडला की झालं, म्हणून आम्ही माउस हातात घेतला.

"आजोबा, थांबा ना," ती म्हणाली, "पाचशे होऊ द्या."